जाड कादंबऱ्यांचं वर्ष

निवृत्त होईपर्यंत माझं सगळं वाचन हार्बर लाईनवर झालं. खांदा कॉलनीतल्या घरापासून खांदेश्वर स्टेशन पायी पंधरा मिनिटं आणि तिथून सीएसएमटीपर्यंत साधारण सव्वा तास. पनवेलहून सुटलेली गाडी पुढच्याच स्टेशनात, म्हणजे आमच्याकडे येते, तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात. पण बसायला बहुधा मिळतं. 'कोसला' मी असाच वाचला, 'रणांगण' तर दोन दिवसांत संपवलं. जाड पुस्तकं मात्र घरीच राहिली. डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेतल्यावर पिशवीत हजार पानांना जागा उरत नाही. ती निवृत्तीनंतर वाचायची म्हणून कपाटाच्या खालच्या खणात रचून ठेवली होती.

निवृत्ती आली आणि वाचन गेलं. वेळ होता, चष्मा नवा होता, आणि तरी दहा पानं झाली की हात मोबाईलकडे जाई. हे वयाचं की सवयीचं, ते कळेना. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. म्हणून गेल्या दिवाळीच्या पाडव्याला स्वतःशीच पैज लावली: पुढच्या पाडव्यापर्यंत खालच्या खणातल्या चार कादंबऱ्या वाचायच्या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?', रणजित देसाईंची 'श्रीमान योगी', भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' आणि रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत'. रोज चाळीस पानं, आणि किती झाली याची वहीत नोंद. हा लेख त्या वहीवर बेतलेला आहे.

'श्रीमान योगी' हजारावर पानांची, तरी तेवीस दिवसांत संपली. १९६८ सालची ही कादंबरी आजही भराभर वाचून होते, याचं कारण उघड आहे. पुढे काय होणार ते मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतं. अफझलखान येणार, आग्रा येणार. वाचक प्रसंगांची वाट पाहत असतो आणि लेखक ते एकेक करून पुरवतो. मला जास्त वेळ लागला तो आरंभी छापलेल्या नरहर कुरुंदकरांच्या पत्राला. शिवाजीराजांविषयी नेमके कोणते प्रश्न विचारायला हवेत, याची ती मांडणी दोनदा वाचावी लागली, आणि पुढची कादंबरी वाचताना ती सारखी आडवी येत राहिली. तरीही तेवीस दिवस. छाती फुगली, आणि त्याच गतीने आपटे उघडले.

तिथे अडकलो. एकशेवीस पानांनंतर नोंदी थांबल्या आहेत. यमू आपली कहाणी सांगते आहे, सांगता सांगता आडवळणाला जाते, माघारी येते, आधी सांगितलेलं पुन्हा सांगते. आपट्यांच्या पाल्हाळाची तक्रार जुनी आहे. मीही ती वहीत लिहून टाकली आणि पुस्तक मिटलं. मग एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी खरं तर पहिल्या दिवशीच यायला हवी होती. ही कादंबरी लागोपाठ वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'आजकालच्या गोष्टी' या मालेत ती क्रमशः दिली. पुस्तक झालं १८९३ साली. म्हणजे त्या वाचकाला यमू आठवड्याला एकदा भेटत होती. मधले दिवस त्याचा स्वतःचा संसार चालू होता. मागचा धागा हाती देण्यासाठी लेखकाला थोडं मागचं सांगावं लागे. मी चाळीस पानांच्या दराने वाचताना ज्याला पाल्हाळ म्हणत होतो, ती आठवड्यानंतर आलेल्या पाहुणीची विचारपूस होती.

क्रमशः छापण्याची पद्धत आपट्यांनी सुरू केली असं नाही. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली 'विविधज्ञानविस्तारा'तून अशीच आली होती. तिकडे टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चा सुरुवातीचा भाग १८६५ पासून एका रशियन नियतकालिकात येत होता. पूर्ण ग्रंथ १८६९चा. त्यात तीनशे एकसष्ट प्रकरणं आहेत, म्हणून जगभर अनेकजण रोज एक प्रकरण धरून वर्षभरात तो वाचतात. मला वाटतं, त्यांना त्या पुस्तकाची चाल माझ्याआधी कळली. (आपल्याकडे नंतर वारं फिरलं, त्याला दिवाळी अंकांचाही हातभार लागला असावा. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. पुढे 'संपूर्ण कादंबरी' हे अंकाचं आकर्षण झालं, आणि जी अंकात मावते ती साहजिकच आटोपशीर असते. हे दिवाळी अंकातच लिहितो आहे, संपादक क्षमा करतील.)

तेव्हा जानेवारीपासून नियम बदलला. आपटे फक्त रविवारी, आणि मोठ्याने. आई चौऱ्याऐंशीची आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वाचणं बंद झालेलं. दुपारच्या चहानंतर ती गॅलरीतल्या खुर्चीत बसायची आणि मी वाचायचो. एकूण एकतीस रविवार लागले. पहिले दोनतीन रविवार ती पेंगली. मग सोमवारी-मंगळवारी भाजी निवडताना विचारू लागली, "त्या दुर्गीचं पुढे काय होतं रे?" मी सांगायचो नाही. तीही आग्रह करायची नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की मुंबईत रघुनाथरावांबरोबर सुखाचे दिवस काढलेली यमू विधवा होऊन पुण्याच्या घरी येते, आणि शंकरमामंजी तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन करवतात. जुलैत आम्ही तिथे पोचलो. आईला ते पान येण्याआधीच समजलं होतं. तिने हात वर केला. "आज इथपर्यंतच."

माझ्या डोक्यात वहीतला हिशेब होता. मी म्हटलं, "आई, थोडंच उरलंय, संपवू या."

"पुढच्या रविवारी वाच. आज नको म्हटलं ना."

मला राग आला होता, हे कबूल करतो. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली. पेणजवळच्या त्यांच्या घरी तिच्या वडिलांची आत्या असे, सगळी मुलं तिला आत्याआजी म्हणत. आलवणातली ही आत्याआजी मला एका जुन्या फोटोतल्या कोपऱ्यापुरती ठाऊक होती. न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या वेळी मुलांना पुढच्या ओटीवर पाठवत, हे आईने मला पहिल्यांदा सांगितलं. "मी एकदा गेले लपून. सात-आठ वर्षांची असेन. तो गेल्यावर तिच्या डोक्याला हात लावला. मला वाटलं रागवेल. तर हसली, म्हणाली, गार लागतंय हात तुझा." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला कुणी विचारलं असेल का रे, कधी?"

इतक्या वर्षांत हे घरात कधी निघालं नव्हतं. मी चाळीस पानांचा नेम चालवला असता तर ते प्रकरण एका संध्याकाळी उरकलं असतं, आणि बुधवार आलाच नसता. पुढच्या रविवारी आईने ते पूर्ण ऐकलं. मधे एकदाही थांबवलं नाही.

आठवड्याच्या इतर दिवशी 'हिंदू' चालू होती. सहाशेवर पानं, चार महिने. २०१० साली आलेल्या या कादंबरीची वाट वाचकांनी कित्येक वर्षं पाहिली होती. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ आहेत म्हणून मोरगावकडे निघतो. एवढ्याशा प्रवासात गाव, भावकी, बायकांचे भोग, पुराणवस्तू, सगळं कोंबलेलं. इथे रोजचा नेम चालत नाही आणि आठवड्याचाही. कधी पाच पानं, कधी साठ. ही मी मुद्दाम लोकलमध्ये नेली. काही काम नसताना सीएसएमटीपर्यंत जाऊन परत आलो, असं सहा वेळा. खंडेराव आगगाडीत असताना आपणही गाडीत असावं, एवढंच कारण. सगळी आवडली असं म्हणणार नाही. मधला मोठा भाग मला नुसता साठवलेला वाटला, शीर्षकातली अडगळ गृहीत धरूनही. पण वाशीच्या खाडीपुलावर पुस्तकातून मान वर केली तेव्हा लक्षात आलं, की बेलापूरपासून मोबाईल खिशातून काढलेला नाही.

'सातपाटील कुलवृत्तांत' ऑगस्टपासून सुरू आहे. आठशेच्या घरातली पानं आणि एकाच कुळाची सुमारे सातशे वर्षं. आता रोजचा आकडा लिहीत नाही. वहीत पिढ्यांची नावं मांडतो, कारण कोण कोणाचा, ते विसरायला होतं. हीसुद्धा आईला वाचून दाखवतो, रविवारी आणि आताशा गुरुवारीही. लढायांना ती कंटाळते. पाडव्यापर्यंत होणार नाही हे दिसतंच आहे. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले आहेत, महिन्याभराने मोठ्या टाइपातलं वाचता येईल. तिने बजावलं आहे, तोवर माझ्याशिवाय पुढे जायचं नाही.