पागोळ्यांचं बिल

छपरावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याचंही बिल येतं, आणि ते पाणी आपल्याच अंगणात जिरवलं तर त्यात सूट मिळते! अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात अशी सवलत 2006पासून आहे.

आधी हिशेब बघा. 100 चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी झालं. पोर्टलंडला वर्षाकाठी साधारण 90 सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणजे 90 हजार लिटर. आपल्याकडचे दहा हजार लिटरवाले नऊ टँकर, एकाच छपराचे! शहराच्या जुन्या भागात हे पाणी आणि संडास-मोरीचं पाणी एकाच गटारातून जातं. पाऊस वाढला की गटार तुडुंब भरायचं आणि मैल्यासकट सगळं विलामेट नदीत उतरायचं.

हे थांबवायला शहराने 1.4 अब्ज डॉलरची योजना हाती घेऊन 2011पर्यंत प्रचंड बोगदे पूर्ण केले. पूर्व तीरावरच्या बोगद्याचा व्यास तब्बल 22 फूट. पण मी थक्क होतो ते करवतीच्या कामाने. पन्हळीचा उभा पाइप कापायचा, गटारात जाणाऱ्या तोंडाला बूच मारायचं, कापलेल्या टोकाला एल्बो लावून पाणी बागेकडे वळवायचं. तळघरापासून सहा फूट लांब, शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट अलीकडे. पाणी पिणारी मोकळी जमीन छपराच्या किमान दहा टक्के तरी हवी. एवढीशी माती पुरते, हे मला अजून अद्भुत वाटतं. हे काम स्वतः करणाऱ्या घरमालकाला पाइपमागे 53 डॉलर मिळायचे. 1993 ते 2011 या काळात असे 56 हजारांवर पाइप गटारापासून तुटले.

सवलतीची आखणी तर फारच विचारपूर्वक केलेली आहे. पावसाळी पाण्याच्या आकाराचे दोन भाग. 65 टक्के रस्त्यांवरच्या पाण्यासाठी. ते सगळ्यांनी द्यायचे, कारण रस्ता सगळेच वापरतात. उरलेले 35 टक्के स्वतःच्या जागेतल्या पाण्याचे. ते पाणी घरीच मुरवलं तर हा भाग पूर्ण माफ होऊ शकतो. मात्र निगा मालकानेच राखायची. पानगळीत पन्हळ तुंबली तर ती उपसणंही त्याच्याच गळ्यात. मला हा सौदा रास्त वाटतो: शहराचं काम जो कमी करतो, त्याला शहर पैसे कमी मागतं.

पुणे महापालिकाही पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत अशा प्रकल्पांसाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सूट देते. पाऊल चांगलंच आहे, पण आपल्या आवारातून किती पाणी बाहेर गेलं हे त्या करातून कळत नाही. पोर्टलंडमध्ये दुकानं, कारखाने, मोठ्या इमारती यांच्याकडून छप्पर, डांबर आणि काँक्रीटच्या क्षेत्रफळावर आकार घेतात. आपल्या सोसायट्यांना असं बिल आलं, तर पार्किंगमधली पेव्हर ब्लॉकची फरशी किती महाग पडते हे पुढच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यांना रुपयांत दिसेल.