माहिती चौकट : रणांगणातला पाळीव साथी

‘फ्री फायर’ या मोबाइल गेममधला पाळीव प्राणी शोभेपुरता नसतो. ‘डिटेक्टिव्ह पांडा’ सोबत असला की प्रतिस्पर्धी टिपल्यावर थोडी ताकद परत मिळते. ‘फाल्को’ ससाणा आकाशातून उतरण्याचा वेग वाढवतो. साथी खेळातले हिरे मोजून घ्यावा लागतो, कधी एखाद्या इव्हेंटमध्ये फुकटही मिळतो. हिरे मात्र खऱ्या रुपयांचे. त्यामुळे मुलांच्या हाती मोबाइल देण्याआधी पालकांनी त्याला जोडलेलं खातं तपासावंच.

ऑनलाइन खेळांवरच्या निर्बंधांबाबत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासाठी महत्त्वाची तारीख १४ फेब्रुवारी २०२२. केंद्राच्या ‘फ्री फायर’ बंदीची बातमी आली, त्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याच्या २०२१च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. पैसे लावून खेळण्याविरुद्धचा तो कायदा कर्नाटकातल्या निपाणीत लागू होता, शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या कागलमध्ये नव्हता.