चालत्या गाभ्याची घडण

परिचालन प्रणालीचा जो अंश संगणकाच्या यंत्रभागांशी प्रत्यक्ष व्यवहार करतो, त्यास कर्नेल किंवा गाभा म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत ज्याची रचना आरंभिली, तो लिनक्सचा गाभा सर्वांस खुला आहे. ज्यास जसा हवा तसा तो घडविता येतो. साहजिकच प्रश्न पडतो, की समोरच्या यंत्रात या क्षणी चालू असलेला गाभा कोणते पर्याय निवडून घडविला गेला?

हे कुतूहल निरर्थक नव्हे. घडणीच्या वेळी बहुतेक भागांबाबत ठरवावे लागते, की तो गाभ्यातच सामावावा, मॉड्यूल म्हणून पृथक् ठेवावा, की वगळावा. तबकडीवरील एखादी फाइल-पद्धती वगळली गेली असेल, तर तबकडी सुस्थितीत असूनही गाभ्यास ती वाचता येत नाही. आणि व्यवस्थापक मात्र तबकडीलाच दोष देत बसतो.

ही हजारो उत्तरे एका साध्या मजकुराच्या फायलीत नोंदलेली असतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत तिची प्रत ‘बूट’ निर्देशिकेत मिळते. तेथे अनेक आवृत्त्यांच्या प्रती असू शकतात. म्हणून ‘युनेम’ आज्ञेने चालू आवृत्तीचे नाव प्रथम पाहावे. नवा गाभा बसविला, पण यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर जुनाच चालू असतो. शिवाय ही प्रत गाभ्याबाहेरची. ती बदलली वा पुसली गेली, तरी गाभ्यास त्याची वार्ता नसते.

अधिक विश्वसनीय साक्ष खुद्द गाभ्याची. ‘आयकेकॉन्फिग’ हा पर्याय निवडल्यास ती नोंद संक्षेपित रूपात गाभ्यातच साठविली जाते, आणि त्याच्या जोडपर्यायामुळे ‘प्रॉक’ निर्देशिकेत ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ या नावाने प्रकट होते. प्रॉकमधील फायली तबकडीवर नसतातच. वाचणाऱ्याने मागितल्या, की गाभा त्या तेथल्या तेथे पुरवितो. ‘झेडकॅट’ आज्ञेने ही फाइल वाचता येते. पर्याय मॉड्यूलरूपाने घडविला असल्यास ‘कॉन्फिग्ज’ हे मॉड्यूल आधी चढवावे लागते. जोडपर्याय वगळला गेला असला, तरी मूळ संहितेसोबत येणारी एक छोटी आज्ञावली गाभ्याच्या प्रतिमा-फायलीतील खुणेचा मागोवा घेऊन नोंद बाहेर काढते. मात्र मूळ पर्यायच निवडला नसेल, तर गाभा मुका राहतो.

घडणीची नोंद म्हणजे सर्व काही नव्हे. आरंभीच्या वेळी दिलेल्या सूचना प्रॉकमधील ‘सीएमडीलाइन’ फायलीत पाहाव्या लागतात. काही मूल्ये तर गाभा चालू असतानाच ‘सिस्कंट्रोल’ आज्ञेने पालटता येतात. स्मृतीतील मजकूर तबकडीवर हलविण्याची प्रवृत्ती दर्शविणारे ‘स्वॅपिनेस’ हे मूल्य प्रारंभी ६० असते. कोणी ते १० केले, तर घडणीच्या फायलीत त्याचा मागमूसही सापडत नाही.