सीट सात, गमती सतराशे साठ!

फक्त ५७ मिनिटं! चहा, नाश्ता आणि पेपर आटोपेस्तोवर २५ हजार एसयूव्ही बुक! ७ ऑक्टोबर २०२१ ला महिंद्रानं एक्सयूव्ही७००चं बुकिंग उघडलं तेव्हा हे खरंच घडलं, माहीत आहे का?

अहो, हा तर ट्रेलर होता. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनची पाळी आली. २५ हजारांचा आकडा एका मिनिटात पार, अर्ध्या तासात एक लाख! मग ३ ऑक्टोबर २०२४ ला थार रॉक्स: पहिल्या ६० मिनिटांत १ लाख ७६ हजार २१८ बुकिंग. तत्काळ तिकिटासाठी चालतात तशी बोटं चालली देशभर.

बुकिंग मिनिटांत, डिलिव्हरी मात्र महिन्यांत! एक्सयूव्ही७००च्या काही व्हेरिएंटसाठी लोकांनी वर्षाहून जास्त वाट पाहिली. म्हणून मॉडेल नवंकोरं असेल तर टोकन भरण्याआधी दोन प्रश्न विचारायचेच. गाडी नक्की कधी मिळणार? आणि कंटाळून कॅन्सल केली तर पैसे परत मिळणार का?

राजेशाही गाडी, पाइपानं धुवा!

आज कोट्यवधींची असलेली रेंज रोव्हर १९७० साली आली तेव्हा आत लेदरचं नावही नव्हतं, माहीत आहे का? व्हायनलच्या सीट, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड. शेतातून चिखल घेऊन यायचं आणि पाण्याच्या पाइपानं आतून धुऊन काढायचं, अशी सोय. तरीही देखणी इतकी की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिला इंडस्ट्रियल डिझाइनचा उत्तम नमुना म्हणून मांडलं गेलं. मोनालिसाच्या शेजारपाजारी!

त्याच्याही आधी, १९६२ च्या अखेरीला अमेरिकेत जीप वॅगोनियर अवतरली. लक्झरी एसयूव्हीची पणजी म्हणा हवं तर. तिचा मूळ साचा १९९१ पर्यंत जवळपास तसाच चालला. अंगावरची लाकडी पट्टी मात्र लाकडाची नव्हतीच, ती होती व्हायनलची.

आणि शेवरोले सबर्बन? १९३५ पासून हे नाव सुरूच आहे. पहिल्या मॉडेलमध्येच आठ माणसं बसायची. २०१९ मध्ये तिला हॉलिवूड वॉक ऑफ फेमचा ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ स्टार मिळाला. गाडीला असा मान पहिल्यांदाच! सिनेमांत शेकडो भूमिका केल्यात हो तिनं.

चाकण चमकतंय

आता घरच्या अंगणात या. रेंज रोव्हरची मालक कंपनी जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांची आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण बडी रेंज रोव्हर २०२४ पासून पुण्यात जुळवली जाते, माहीत आहे का? निर्णय जाहीर झाला आणि किमती सुमारे १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. गुपित साधं आहे. अख्खी तयार गाडी आयात केली की कस्टम ड्युटी जबर, सुट्या भागांचं किट आणून इथे जोडलं की खूप कमी. प्रीमियम गाडी बघताना सेल्समनला विचारा, ‘इथे असेंबल होते की बाहेरून येते?’ या एका प्रश्नात लाखोंचा फरक लपलेला असतो.

मर्सिडीजच्या बऱ्याच एसयूव्ही चाकणला, एक्सयूव्ही७००ही मूळची चाकणची, जीप कंपास आणि मेरिडियन रांजणगावला, स्कोडा कोडियाक छत्रपती संभाजीनगरला. रांजणगावची कंपास तर जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. जपानला गाडी विकायची म्हणजे खायचं काम आहे का! अभिमान वाटतो राव.

एक खुसखुशीत नगेट: महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे मुंबईत कंपनीनं विलिस जीप जोडायला घेतल्या आणि नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा.

टाटांची सिएरा आठवते? १९९१ ची, पुण्याची. दारं फक्त तीन! मागच्या त्या सुंदर वक्र काचा उघडतच नसत. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी सिएरा आली ती मात्र पाच दारांची. काकू, मावशी, आत्या, आता खुशाल बसा!

आणि एका गाडीसाठी अख्ख्या गावानं नाव बदललं! अलास्कातलं कोडियाक हे गाव तिथल्या महाकाय अस्वलांसाठी प्रसिद्ध. स्कोडानं त्या अस्वलावरून गाडीचं नाव ठेवलं, पण शेवटचं अक्षर ‘के’ऐवजी ‘क्यू’ केलं. मग २०१६ च्या मे महिन्यात गावानंही एक दिवस पाट्यांवरचं अक्षर बदलून टाकलं.

फुटपट्टी, टॅक्स आणि अठरा लाखांचा नंबर

एसयूव्ही कशाला म्हणायचं हे सरकारनं चक्क फुटपट्टी लावून ठरवलं होतं, माहीत आहे का? लांबी ४ मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठं, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी किंवा जास्त. तिन्ही जुळलं की २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस. बेरीज ५०! जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलनं स्पष्ट केलं की क्लिअरन्स मोजायचा तो रिकाम्या गाडीचा. माणसं बसली की गाडी खाली दबते ना, ती पळवाट बंद.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के आला. इलेक्ट्रिकवर किती? फक्त ५! शिवाय महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी जाहीर झाली. घरी चार्जरची जागा असेल तर इलेक्ट्रिक सात सीटरचा हिशोब एकदा कागदावर मांडाच.

रोड टॅक्समध्येही गंमत. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के! ‘कंपनीच्या नावावर घेतो, टॅक्स वाचेल’ असं कुणी म्हणालं तर आधी सीएला फोन करा.

आणि हा खास आपल्या खिशासाठी: गाडी १० लाखांच्या वर गेली की बिलात १ टक्का टीसीएस लागतो. बरेच जण तो खर्चात धरून विसरून जातात. पण हा तुमचाच आगाऊ भरलेला इन्कम टॅक्स! रिटर्न भरताना त्याची वजावट मिळते. ५० लाखांच्या गाडीवर ५० हजार रुपये होतात. मागा, हक्कानं मागा!

नंबरचा नाद? २०२४ मध्ये राज्यानं पसंतीच्या नंबरांची फी वाढवली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ‘०००१’ साठी ६ लाख. मालिकेबाहेरून हाच नंबर हवा असेल तर १८ लाखांपर्यंत. नंबरच्या पैशात दुसरी गाडी दारात!

तिसरी रांग, खरी गोम

सात सीट म्हणजे सात माणसं आणि सात बॅगा असं वाटतं? थांबा! टाटा सफारीत तिसरी रांग उभी केली की डिकीत जागा उरते ७३ लिटर. विमानात हातात नेतो तशी एखादी छोटी बॅग, बस. कोडियाकमध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना २८१ लिटर, शेवटची आडवी केली की ७८६. म्हणजे गणपतीला सातही जण गावी निघाले तर सामान जाणार टपावर. रूफ कॅरिअरचा खर्च आधीच धरा.

कॅप्टन सीट की बेंच? मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असतील तर माणसं सहाच, पण मधून वाट मिळते आणि मुलं मागे सुळकन जातात. बेंच असेल तर सातवा माणूस बसतो, पण मागे जायला दरवेळी सीट उचला. घरात आजी-आजोबा असतील तर माझं मत कॅप्टन सीटलाच. हाताला आर्मरेस्ट मिळतो आणि उतरताना आधारही.

सुबारू असेंट या अमेरिकेतल्या फॅमिली एसयूव्हीत कप आणि बाटल्यांसाठी १९ जागा आहेत, माहीत आहे का? माणसं आठ, कप एकोणीस! चिवड्याचा डबा, ताकाची बाटली आणि लिमलेटच्या गोळ्या घेऊन निघणाऱ्या आपल्या घरांना हे गणित लगेच पटेल.

फोर बाय फोर? फार फार तर…

सफारी म्हटलं की डोंगरदऱ्या आठवतात. पण २०२१ मध्ये आलेली नवी सफारी पुढच्याच चाकांवर चालते, तिला फोर बाय फोर नाही. तरी लोक ती घेतातच. कारण बहुतेक कुटुंबांची सगळ्यात खडतर वाट म्हणजे सोसायटीचा रॅम्प! फार्महाऊसचा चिखल, हिमाचलचा बर्फ खरोखर आयुष्यात असेल तरच जास्तीचे पैसे मोजा.

डिझेलचा मामला वेगळा. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला त्याला हायवेवरची सलग, गरमागरम धाव लागते. रोज फक्त शाळा, भाजी आणि क्लास एवढंच फिरलात तर फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. महिन्यातून दोन-चारदा गाव गाठत असाल तर डिझेलसारखं सुख नाही. नुसतं शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक, डोळे मिटून!

आणि डिझेल गाडी युरिया पिते, माहीत आहे का? शेतातला नव्हे. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं हे डीईएफ, बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत त्याची वेगळी टाकी असते. ती पूर्ण रिकामी झाली की गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही!

टायरवर चार आकडे शोधा. २३२५ दिसलं तर तो टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी पाचही टायर बघा. हो, पाचवाही! बऱ्याच प्रीमियम एसयूव्हीत स्टेपनी सडपातळ असते आणि तिच्यावर ८० च्या वर पळवायचं नसतं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर, जिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे, तिथे हे ठाऊक असलेलं बरं.

डोळ्याची पापणी लवायच्या आत

एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण सीटच्या कडेला एअरबॅग असेल आणि तुम्ही वरून जाडजूड सीटकव्हर चढवलंत तर? एअरबॅगला वाटच नाही! कव्हर घ्यायचंच तर एअरबॅगसाठी फाटणारी शिवण असलेलं घ्या. पुढे बुलगार्ड लावणं तर नकोच. केंद्रानं २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली, कारण धडक सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि समोरच्या पादचाऱ्याला जबर इजा होते.

तीन टोकांचा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी दिला आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दिला. जगातली सगळ्यात दिलदार भेट! त्याच कंपनीची एक्ससी९० ही सात सीटर घ्या. २००२ पासून २०१८ पर्यंत ब्रिटनमध्ये या गाडीत बसलेल्या एकाचाही अपघाती मृत्यू नोंदला गेला नव्हता, असं तिथल्या थॅचम या संस्थेनं सांगितलं.

आपल्याकडेही आता गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप ही चाचणी आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पहिले निकाल आले आणि पहिल्या पाच-पाच स्टार मिळवणाऱ्या होत्या सफारी आणि हॅरिअर. स्टार बघा, पण मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे असतात, तेही बघा. घरात लहानगं असेल तर चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या कुठल्या सीटवर आहेत ते हातानं चाचपून पाहा.

सनरूफ? मुलांना जीव की प्राण! पण चालत्या गाडीत मुलाला त्यातून बाहेर उभं करू नका. एक ब्रेक पुरे होतो. दुसरं म्हणजे सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याखाली उभी राहते? मग पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्या, नाहीतर जुलैत पाणी थेट डोक्यावर.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवा, आजीला स्वतःहून चढू-उतरू द्या, गाडी तुमच्याच गल्लीत वळवून पाहा. आणि मागे बसलेल्यांनाही बेल्ट लावायला सांगा. कायद्यानं तो सक्तीचा आहे, दंड १००० रुपये.