विळ्याला पाणी द्यायचं की तेल?

दिवाळीच्या सुमारास नागभीडच्या बांध्यांत धान कापणीला येतो. विळा दोन दिवसांत बोथट झाला की आपण म्हणतो, 'याला पाणीच नाही.' हे पाणी म्हणजे काय, ते आज बघू.

पोलादात कार्बन असतो. लालबुंद तापल्यावर तो लोखंडात मुरतो. लगेच थंड केलं तर तिथंच अडकतो आणि पात टणक होते. हळू थंड झाली तर मऊच राहते. म्हणजे सगळा खेळ थंड होण्याच्या वेगाचा. मिठाचं पाणी सगळ्यांत वेगानं थंड करतं, त्याखालोखाल साधं पाणी, मग तेल.

मग मिठाचंच पाणी का नको? कारण पातळ धार एकदम आकसते आणि तडकते. केसाएवढी चीर दिसत नाही. भर कापणीत पात तुटते आणि तुकडा हाताला किंवा डोळ्याला लागतो. ट्रकच्या कमानपाट्याचा विळा असेल तर त्याला तेलच द्या. बांधकामाच्या सळईत कार्बन कमी असतो. ती तेलात बुडवा की पाण्यात, फारशी टणक होत नाही. तिचा विळा घेऊच नका.

तेल साधं खायचं चालतं. ते हाताला सोसेल इतकं कोमट करा. थंड तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढत नाही. जळकं इंजिन ऑइल टाळा, त्याचा धूर वाईट. पात सावलीत तापवा, उन्हात रंग फसवतो. चुंबक चिकटेनासं झालं की थोडं आणखी तापवा आणि धार खाली धरून सरळ बुडवा. आडवं हलवलं तर पात वाकते.

एवढ्यावर थांबू नका. आता पात काचेसारखी ठिसूळ असते. ती विटकरीनं घासून चकचकीत करा आणि पाठीकडून मंद शेकवा. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. विळा धारेवर तपकिरी रंग आला की थांबवा. कुऱ्हाड घाव सोसते, ती जांभळ्यापर्यंत जाऊ द्या.

तेलाचं भांडं लोखंडी, खोल आणि झाकणाचं हवं. प्लास्टिकचं नको. तेलात पाण्याचा थेंब नको. पेट घेतला तर पाणी ओतू नका, झाकण ठेवा. पदर खोचा, लेकरं दूर ठेवा.

विळा लोहाराकडूनच करून घेणार असाल, तर एवढं विचारा: 'भाऊ, पाटा कशाचा? आणि पाणी दिल्यावर शेकवला का?'