घोडचे पाणी, दौंडचा पूल आणि एक कृष्णविवर

पावसाळ्यात शिरूर तालुक्यातील चिंचणीच्या घोड धरणातून पाणी सोडले, की दौंडच्या पुलाखाली भीमेची पातळी लगेच चढत नाही. काही तासांनी चढते. पाण्याचा वेग ठाऊक असेल, तर या उशिरावरून धरणाचे नदीमार्गे अंतर दौंडला बसून काढता येईल. कृष्णविवराचे वस्तुमान मोजण्याची एक पद्धत याच हिशेबावर उभी आहे.

कृष्णविवर दिसत नाही. परंतु त्यात पडणारा वायू आधी त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो, तापतो आणि प्रकाशतो. तबकडीतील खळबळीमुळे हे तेज कमीजास्त होते. हा प्रकाश दूरच्या वायुढगांपर्यंत पोचला, की तेही उजळतात, पण उशिरा. पाण्याचा वेग बदलतो, प्रकाशाचा मात्र सेकंदाला ३ लाख कि.मी. असा ठरलेला आहे. म्हणजे उशीर मोजला, की अंतर मिळाले.

श्यामशबल तारकासमूहात सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षांवर एनजीसी ४३९५ ही लहानशी दीर्घिका आहे. तिच्या केंद्राचा हा उशीर जोंग-हाक वू व सहकाऱ्यांनी २०१९ साली ८३ मिनिटे (१४ मिनिटे कमीजास्त) असा प्रसिद्ध केला. ८३ × ६० × ३ लाख म्हणजे सुमारे १४९ कोटी कि.मी.; जवळजवळ सूर्यापासून शनीइतके!

अशा मापनासाठी रात्रभर थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घ्यावी लागतात. पातळ ढग आला तरी तेज घटल्यासारखे वाटते. म्हणून त्याच छायाचित्रातील स्थिर ताऱ्यांशी तुलना करतात. ढग सर्वांनाच सारखा झाकतो. आयुकाची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ साली पुणे जिल्ह्यातच गिरवलीला उभी राहिली. अशा दुर्बिणींनी तेजातील बदलांचा असा पाठलाग करता येतो.

आता वस्तुमान. वर्णरेषेच्या रुंदीवरून ढगांचा वेग सेकंदाला सुमारे ४२६ कि.मी. आला. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक, हे गणित केल्यास सुमारे २००० सूर्य येतात. ढगांची मांडणी व कल ठाऊक नसल्याने इतर कृष्णविवरांवरून ठरवलेल्या सुमारे ४.५ या अंकाने गुणायचे. उत्तर ९१०० सूर्य.

पण २००५ साली हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांवरून उत्तर आले होते ३.६ लाख सूर्य! उशीर तेव्हाही तासाच्या आसपासच होता. फरक वेगाचा: त्या वेळी निवडलेल्या वर्णरेषेने तो सुमारे २९०० कि.मी. दाखवला, आणि सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

हा वाद किरकोळ नाही. शंभर ते एक लाख सूर्यांच्या दरम्यानच्या कृष्णविवरांना मध्यम वस्तुमानाची म्हणतात. महाकाय कृष्णविवरे कशापासून वाढली, याचे धागेदोरे त्यांच्यात मिळू शकतात. पहिल्या उत्तराने एनजीसी ४३९५ या गटाबाहेर जाते, दुसऱ्याने आत येते.

विद्यार्थ्यांना विचारा: उशीर मोजण्यात दहा टक्के चूक झाली, तर उत्तर किती चुकेल? आणि वेगात झाली तर? कोणते माप अधिक जपून घ्यायला हवे, ते त्यांना आपोआप कळेल.