‘छाया’ गोळीसोबत इतर औषधे घेताना दक्षता आवश्यक

लखनऊ : येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली सेंटक्रोमन, अर्थात ऑर्मेलॉक्सिफीन, ही गर्भनिरोधक गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. २०१६ मध्ये ‘छाया’ या नावाने तिचा राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात समावेश झाला. या गोळीत संप्रेरक नसल्याने तिचा अन्य औषधांशी संबंध येत नाही, असा समज अनेकदा आढळतो. तो धोक्याचा ठरू शकतो.

सेंटक्रोमन हे स्टेरॉइड नाही. तथापि, शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहींवरच कार्य करते. गर्भाशयात ते इस्ट्रोजेनचा प्रभाव रोखते, तर हाडांसारख्या काही ऊतींमध्ये सौम्य इस्ट्रोजेनप्रमाणे वागते. त्यामुळे इस्ट्रोजेनयुक्त औषधे किंवा याच वर्गातील टॅमॉक्सिफेन, रॅलॉक्सिफेन ही औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना त्याची कल्पना देणे आवश्यक ठरते.

क्षयरोगाच्या रुग्णांनी विशेष काळजी घ्यावी. या उपचारातील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांची क्रिया वाढवते आणि अनेक गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटवते. आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यांचा यकृतावर ताण येऊ शकतो. अलीकडे कावीळ झालेल्या, यकृताचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, तसेच क्षयरोगासारखा दीर्घ आजार असलेल्या महिलांना सेंटक्रोमन सहसा दिले जात नाही. अशा वेळी क्षयरोगाची औषधे स्वतःहून बंद न करता गर्भनिरोधनाचा दुसरा पर्याय विचारावा.

रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम टॅमॉक्सिफेनमुळे वाढतो, तर नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन टॅमॉक्सिफेनची परिणामकारकता कमी करू शकतात. कोलेस्टेरॉलवरील कोलेस्टिरामिनमुळे रॅलॉक्सिफेनचे शोषण घटते. सेंटक्रोमनशी साधर्म्य असलेल्या औषधांचा हा अनुभव पाहता, सर्व चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे हिताचे आहे.

पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ही गोळी घेतली जाते. तिचा अंश शरीरात अनेक दिवस राहतो. त्यामुळे गोळी थांबवून लगेच दुसरे औषध सुरू केले, तरी डॉक्टरांना आधीच्या गोळीची माहिती द्यावी. या गोळीने पाळी लांबू शकते. मात्र ती १५ दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भधारणेची चाचणी करून घ्यावी.